रामेश्वरच्या पुढे, गोल्फ खेळायला

तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्याला गोष्टी शोधत फिरावं लागत नाही. लोक तिकीट घेऊन जातात आणि छत्री विसरतात, चष्म्याचं घर विसरतात. एकजण तर सासूबाईंना बाकावर विसरून स्टेशनवर पोचला होता. छत्र्या, चष्मे आणि सासूबाई ज्याच्या त्याला परत मिळतात. गोष्टी मात्र परत मागायला कुणी येत नाही. त्या आपल्याकडेच राहतात आणि साचत जातात.

परवा चहाला बसलो असताना तुम्ही म्हणालात, "नागनाथ, ते गोल्फवाल्यांचं सांग." मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहूनच काढतो.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझ्या मामांचं यात्रा कंपनीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक बाक, भिंतीवर एक नकाशा आणि खिडकीत मी. मी आठवीत शाळा सोडली होती. मामा म्हणाले, "अक्षर बरं आहे, बस इथं." खिडकीला जाळी होती. समोरच्या माणसाला माझा चेहरा नीट दिसायचा नाही, म्हणून ती नोकरी मला आवडली. आमची बस तिरुपती, मदुरा, रामेश्वर करून यायची. रामेश्वरच्या समुद्रावरचा पूल तेव्हा फक्त रेल्वेचा होता, तेवढा शेवटचा टप्पा आम्ही रेल्वेनं करायचो. बहात्तरचा दुष्काळ सरून चारेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही हकिगत.

*

सोलापुरात गोल्फ होता का, असं आधी सगळेच विचारतात. होता. शहराबाहेर एका गिरणीच्या मागे माळ होता. गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरने त्यावर नऊ भोकं पाडून घेतली होती. साहेब पुढे आपल्या देशी गेला, भोकं इथंच राहिली.

माळावर गवताची काडी नव्हती. गोल्फमध्ये भोकाभोवती मऊ हिरवळ लागते. आमच्याकडे तिथं वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून ती चोपून बसवलेली असायची. बाकी सगळा मुरूम आणि दगड. दगडावर काठी आपटली की काठीचं तोंड फुटायचं, म्हणून तिथं एक नियम होता. प्रत्येकाच्या खिशात सोलापुरी चादरीचा वीतभर तुकडा. चेंडू जिथं पडेल तिथं तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मग मारायचा. मारून झालं की तुकडा झटकून परत खिशात.

रोज खेळणारे तिघंच उरले होते. शुक्रवार पेठेत दवाखाना असलेले डॉक्टर. चादरी-टॉवेलचा कारखाना असलेले राजय्या शेठ, ज्यांच्याकडून ते तुकडे यायचे. आणि तुरीच्या डाळीचे व्यापारी शिवलिंगप्पा. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. वय साठीच्या पुढे, कपाळाला भस्म, अंगात कोट, आणि खेळायचे ते धोतरावर.

अप्पांचं शेत माळाला लागून होतं. ते या खेळात कसे आले, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

"सायबाचा चेंडू माझ्या तुरीत यायचा. एकदा दिला, दोनदा दिला. तिसऱ्यांदा म्हटलं, सायेब, तुमी लई वाईट मारता. तर त्यो काठी फुडं करून म्हणला, मग तू मार."

"मग?"

"मग काय? मारला. त्यो बी तुरीतच गेला. पर दुसऱ्याच्या."

साहेब जाताना अप्पांना एक काठी आणि एक चित्र देऊन गेला. चित्रात त्याच्या गावचं गोल्फचं मैदान होतं, नजर जाईल तिथपर्यंत हिरवंगार. साहेब म्हणाला होता, शिवा, आपण इथं खेळतो ते खरं नव्हे, खरं गवतावर. अप्पांनी ते चित्र फ्रेम करून डाळीच्या दुकानात देवांच्या रांगेत लावलं. गिऱ्हाइकं विचारायची, "हे कुठलं क्षेत्र म्हणायचं, अप्पा?"

अप्पा म्हणायचे, "अजून जायचं हाय."

त्यांची इच्छा एवढीच होती. मरायच्या आधी एकदा हिरव्या गवतावर खेळायचं. पण उजवा गुडघा बोलायला लागला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "अजून वर्षभर साथ देईल. त्यापुढचं मी बोलत नाही."

*

तर एका सकाळी तिघंही आमच्या बाकावर येऊन बसले. डॉक्टर मामांना म्हणाले, "आम्हाला गोल्फ खेळायला परदेशी जायचंय. व्यवस्था तुम्ही करायची."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा स्वतः उठून आणला.

आधी विलायत ठरली. आठ दिवसांत ती रद्द झाली. परकीय चलनाचे नियम इतके कडक होते, की त्यात विलायतेपर्यंत पोचता आलं असतं, पण जेवता आलं नसतं. डॉक्टरांनी आणखी दोन-तीन देशांची नावं काढली. मामा प्रत्येक नावाला मान हलवायचे आणि नकाशाकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगू? रामेश्वरच्या पुढचं मला काही माहीत नाही."

ते खरंच होतं. आमच्या नकाशात रामेश्वर संपलं की लगेच उदबत्तीवाल्याचं कॅलेंडर सुरू व्हायचं. ते तिथल्याच खिळ्याला टांगलेलं होतं.

अप्पा गुडघ्यावर हात फिरवत बसले होते. मला ते बघवेना. मी जाळीच्या मागून उठलो, भिंतीपाशी गेलो आणि कॅलेंडर वर उचलून धरलं. खाली समुद्र होता आणि समुद्रात एक बेट. मी म्हणालो, "हे."

त्या दिवशी मी एवढंच बोललो.

डॉक्टर उठून जवळ आले. "सिलोन. अरे, तिथं वर डोंगरात चहाच्या मळ्यांत इंग्रजांनी केलेलं मैदान आहे. जुनं आणि उत्तम."

राजय्या शेठ म्हणाले, "तिथं टॉवेल खपतात का की?"

मामांना एकदम धीर आला. "रामेश्वरपर्यंत आपली यात्रा जातेच. पुढं बोट. म्हणजे एकच स्टॉप वाढला."

अप्पांनी जवळ येऊन त्या बेटावर बोट ठेवलं. मग वर बघून म्हणाले, "इतकी वर्सं हितं येतोय मी. कॅलेंडराखाली हाय म्हणून कुणी सांगितलं बी न्हाय."

*

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले, ते अप्पांच्या डाळीच्या दुकानात. फॉर्मवर सह्या घ्यायला मी तिथंच होतो.

हवालदारांनी वही उघडली. "परदेशी कशासाठी जाणार?"

"खेळायला."

हवालदारांनी अप्पांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं. "तुम्ही?"

"व्हय."

"काय खेळणार?"

"चेंडू काठीनं मारायचा, भोकात घालायचा."

"मग?"

"मग भोकातनं काढायचा."

"आणि?"

"फुडच्या भोकात घालायचा."

"असं किती वेळा?"

"अठरा."

हवालदारांनी सगळं नीट लिहून घेतलं. वही मिटली. मग इकडंतिकडं बघून, खुर्ची पुढे ओढून, हलक्या आवाजात म्हणाले, "मालक, घरी काय भांडण-बिंडण झालंय का?"

*

बोटीवर चढायला रोगप्रतिबंधक लस टोचल्याचा दाखला लागायचा. ते काम घरचंच होतं. डॉक्टरांनी शनिवारी तिघांनाही टोचलं आणि रविवारी सकाळी खेळ ठेवला. त्या रविवारी डॉक्टर दोघांनाही सहज हरवून गेले.

संध्याकाळी राजय्या शेठ तणतणत आमच्या ऑफिसात आले. दंड सुजून मांडीएवढा झाला होता. "नागनाथ, लिही तुझ्या वहीत. ह्या माणसानं मला आणि अप्पांना उजव्या दंडात टोचलं. स्वतःला डाव्या."

*

आता माझी चूक सांगतो. ती सांगायला आजही लाज वाटते.

तिकडच्या क्लबला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला गोल्फच्या सहलीबद्दल काय लिहायचं ते ठाऊक नव्हतं. पण आमच्याकडे यात्रेचा एक छापील फॉर्म होता. कुठल्याही गावच्या धर्मशाळेला आम्ही तोच पाठवायचो, आणि त्यात कधी काही राहून जात नसे. मी डिक्शनरी घेतली, चार रात्री जागलो आणि तो सगळाच्या सगळा इंग्रजीत उतरवून काढला. एकूण यात्रेकरू किती, त्यात उपवासाचे किती, स्टोव्ह किती आणणार, अंघोळीला गरम पाणी पहाटे चार वाजता मिळेल काय, पितरांच्या विधीसाठी नदीकाठी जागा आहे काय. खाली तिघांची नावं लिहिली. मामांनी अक्षर बघून पाठ थोपटली. पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी जाड कागदावर उत्तर आलं. तिघंही बाकावर होते. डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचून एकेका ओळीचं मराठी केलं.

"आपल्या तीन यात्रेकरूंचं स्वागत आहे. दोन स्टोव्हची नोंद घेतली आहे. उपवासाच्या दिवशी खेळण्यास आमची हरकत नाही. गरम पाणी पहाटे चारला देणं जरा अवघड आहे, सहाला चालेल का, ते कळवावं." इथं डॉक्टर थांबले, चष्मा पुसला आणि पुढे वाचलं, "पितरांच्या विधीसाठी तिसऱ्या भोकाजवळ ओढा आहे. आमच्या सभासदांचे असंख्य चेंडू तिथंच गेले आहेत."

मला जमीन दुभंगावी असं झालं. राजय्या शेठ बाकावर आडवे होऊन हसत होते. मामा माझ्याकडे बघत नव्हते.

अप्पा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टर, ओढ्याचं परत वाचा."

डॉक्टरांनी परत वाचलं.

"बरं केलंस, नागनाथ," अप्पा म्हणाले. "ओढा हाय म्हंजे पाणी हाय. पाणी हाय म्हंजे गवत असणार. मला येवढंच इचारायचं होतं, पर कसं इचारावं कळंना."

*

अप्पा माझ्याशी असे बोलायचे, त्याला जुनी ओळख होती. दुष्काळात यात्रा बंद पडल्या होत्या. गोल्फचा माळ जनावरांच्या छावणीला दिला होता आणि छावणीची देखरेख अप्पांकडे होती. मामांनी मला तिथं चाऱ्याच्या गाड्या उतरवून घ्यायला पाठवलं होतं.

डॉक्टर आणि राजय्या शेठ तेव्हाही सकाळचे तासभर खेळायचे, जनावरांच्या मधून वाट काढत. अप्पांनी त्यांच्यासाठी नवा नियम केला होता. चेंडूवर जनावर बसलं तर ते आपण होऊन उठेपर्यंत थांबायचं. उठवायचं नाही.

एकदा राजय्या शेठच्या चेंडूवर एक म्हातारा बैल बसला. ते छत्री उघडून त्याच्या शेजारी बसले. डॉक्टर दवाखाना करून दुपारी परत आले, तरी दोघं तसेच. संध्याकाळी एकदाचा बैल उठला. राजय्या शेठही उठले, तुकडा अंथरला, काठी उचलली. इतक्यात बैल वळून चादरीचा तुकडा खायला लागला.

राजय्या शेठ म्हणाले, "खा बाबा. रंग पक्का आहे."

अप्पा स्वतः मात्र त्या आख्ख्या वर्षात खेळले नाहीत. चाऱ्याची गाडी आली की ते तिच्या मागून चालायचे आणि वाटेत सांडलेली काडी न् काडी उचलून धोतराच्या ओच्यात घ्यायचे. डॉक्टर एकदा म्हणाले, "अप्पा, अहो, काड्या काय वेचताय? गाडीभर चारा पुढं चाललाय."

अप्पा वाकलेलेच म्हणाले, "हिच्यासाठी बी तिकडं एक तोंड थांबलंय, डॉक्टर."

*

निघायला महिना राहिला तेव्हा डॉक्टरांच्या मनात आलं, आपल्यापैकी कुणीच गवतावर कधी मारलेलं नाही, सराव पाहिजे. पण सोलापुरात उन्हाळ्यात गवत आणायचं कुठून? राजय्या शेठच्या बंगल्यापुढे लॉन होतं. दोन चादरी अंथरल्या तर झाकून जाईल एवढं. त्यांच्या बायकोनं ते पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. कपडे विसळलेलं पाणीसुद्धा ती त्यालाच घालायची.

ती देवळात गेलेली बघून आम्ही गेलो. पहिला मान यजमानांचा. राजय्या शेठनी काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. मातीसकट तळहाताएवढं गवत उडालं आणि डॉक्टरांच्या बुटावर येऊन पडलं.

डॉक्टर म्हणाले, "असंच असतं. गवतावर मारलं की तुकडा निघतोच. मोठे मोठे खेळाडूसुद्धा काढतात."

अप्पांनी आपली काठी भिंतीला टेकवली. दुखरा गुडघा हातानं वाकवत खाली बसले. तो तुकडा उचलून खड्ड्यात बसवला, तळव्यानं दाबला आणि मला म्हणाले, "आत जाऊन तांब्याभर पाणी आण."

पाणी घालत असतानाच फाटक वाजलं. राजय्या शेठची बायको दारात उभी होती. तिनं काठ्या पाहिल्या, नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली बसून पाणी घालणाऱ्या अप्पांकडे पाहिलं.

"अप्पा रोज आले तरी चालतील," ती म्हणाली. "ह्यांना मात्र फाटकाच्या आत काठीला हात लावू देणार नाही."

त्या दिवशी अप्पांनी एकही चेंडू मारला नाही. पुढेही सरावाला आले नाहीत. म्हणाले, "तिथं गेल्यावर बघू की."

*

अप्पांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. त्या घरात कानडी बोलायच्या आणि बाहेर फारशा बोलायच्याच नाहीत. त्यांची एकच अट होती. आधी रामेश्वराचं दर्शन, मग तुमचं भोकातलं काय ते. त्यामुळे तिघं गोल्फवाले आमच्याच यात्रेच्या बसनं निघाले, आणि अक्काही. तिघं सिलोनला जाऊन येईपर्यंत बाकीची यात्रा कन्याकुमारी करून रामेश्वरला परत येणार होती. व्यवस्थापक म्हणून मामांनी मला पाठवलं.

गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्यांना अक्कांनी जुन्या चादरीची लांबलचक गवसणी शिवली होती. त्या पिशव्या मी ड्रायव्हरच्या मागे उभ्या करून बांधल्या. चूक तिथंच झाली. सोलापूरचं माणूस संक्रांतीला सिद्धेश्वराच्या मिरवणुकीतल्या मानाच्या काठ्यांपुढे हात जोडत मोठं झालेलं असतं. कापडात गुंडाळलेल्या उंच काठ्या उभ्या दिसल्या, की त्याचे हात आपोआप जोडले जातात.

पहिल्या मुक्कामाला एका आजींनी हळदीकुंकू वाहिलं. तिरुपतीला हार चढला. मदुरेला पोचेतो खाली चार नारळ जमले होते आणि बाया-बापड्या पाया पडूनच बसमधून उतरत होत्या. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं, आता काय करायचं?

डॉक्टर उभे राहून सगळ्यांना खरं सांगणार, तेवढ्यात अप्पांनी त्यांचा कोट धरला. "बसा खाली. त्यांचा भाव हाय. आपण काय खोटं सांगितलंय का?"

मदुरेहून निघताना मी बघतो तर राजय्या शेठ पिशव्यांपुढे डोळे मिटून उभे. डॉक्टर म्हणाले, "राजय्या, आत काय आहे ते तुम्हाला तरी ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर," राजय्या शेठ डोळे न उघडता म्हणाले. "भोक हातभर राहिलं की माझा चेंडू कसा जातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

*

रामेश्वरला देवळातल्या बावीस कुंडांचं पाणी अंगावर घेऊन मग दर्शन घ्यायचं असतं. ओल्या कपड्यांनी, ओल्या दगडावरून. एकविसाव्या कुंडापाशी अप्पांचा पाय घसरला. पडले नाहीत, पण उजवा गुडघा असा काही पिरगळला, की ते तिथंच भिंतीला धरून उभे राहिले. तासाभरात तो नारळाएवढा सुजला.

बोट दुसऱ्या दिवशी होती. डॉक्टरांनी पट्टी बांधली. राजय्या शेठ म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ की, अप्पा."

पुढच्या वर्षी काय असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 

अक्कांनी रात्रभर गरम पाण्यानं शेकलं. सकाळी अप्पा उठायला लागले तसं मला वाटलं, आता अक्का अडवतील. अक्कांनी पिशवीतून दोन काठ्या काढल्या आणि अप्पांच्या दोन हातांत दिल्या.

"येन री," त्या नवऱ्याला कानडीत हाक मारून म्हणाल्या, "देव इथं बघून झाला ना? मग आता तुमचा तो फ्रेममधला बघून या."

त्या दोन काठ्या टेकत अप्पा बोटीवर चढले. मागून राजय्या शेठ तिघांच्या पिशव्या घेऊन. बोट दिसेनाशी होईपर्यंत आम्ही धक्क्यावर उभे होतो. ज्याला सरळ चालता येत नाही, तो माणूस तिथं जाऊन खेळणार कसा, हे मला कळत नव्हतं. सबंध कन्याकुमारीत मला दुसरं काही सुचलं नाही.

*

बोट परत यायच्या दिवशी मी आणि अक्का धक्क्यावर लवकर जाऊन बसलो. कस्टमच्या शेडमध्ये गर्दी होती. सिलोनहून येणाऱ्यांच्या सामानात लवंगा, नायलॉनच्या साड्या, रेडिओ निघायचे, म्हणून प्रत्येकाचं गाठोडं सोडून बघत होते.

राजय्या शेठ आधी सुटले. बाहेर येताच मला म्हणाले, "दोन डझन टॉवेलांची ऑर्डर. क्लबाकडून."

मागून डॉक्टर आले. "नागनाथ, तुझा तो ओढा मिळाला. राजय्यांनी त्यात एका दिवसात पाच चेंडू सोडले. सगळे पितर तृप्त."

अक्का मध्येच म्हणाल्या, "आणि ह्यांचा गुडघा?"

"दोन दिवस खोलीत झोपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ऐकेनात." डॉक्टर खाली बसले आणि सांगायला लागले. "सगळं हिरवं, वहिनी. मखमल म्हणतात तसं. अप्पा कडेला उभे राहिले, वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि मग आत पाऊल टाकलं. पहिल्या भोकापाशी त्यांनी खिशातनं चादरीचा तुकडा काढून गवतावर अंथरला. तिथला पिशव्या उचलणारा म्हातारा म्हणाला, इथं त्याची गरज नाही. मी सांगितलं, अप्पा, इथं खाली दगड नाही. तर म्हणाले, ठाव हाय की. आणि त्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारला. अठराच्या अठरा भोकं, दर वेळी तुकडा अंथरून. गवताची एक काडी उडवली नाही. आम्हा दोघांनाही हरवलं."

मी म्हणालो, "मग अप्पा कुठं आहेत?"

तेवढ्यात शेडमधून डॉक्टरांना हाक आली. आम्ही सगळेच दारापर्यंत गेलो.

अप्पा बाकापुढे उभे होते. बाकावर अक्कांनी शिवलेलं चादरीचं गवसणं होतं, पण त्यात काठ्या नव्हत्या. ते पोत्यासारखं गच्च भरलेलं होतं आणि तोंड सुतळीनं शिवलेलं होतं. कस्टमच्या साहेबानं सुतळी कापली, कोपरापर्यंत हात आत घातला, बराच वेळ चाचपलं आणि मूठ बाहेर काढली. मुठीत गवत होतं. लांब, विळ्यानं कापलेलं, कोमेजलेलं पण अजून हिरवं.

त्यानं गवसणं अर्धं उपसलं. गवतच. वास घेऊन बघितला. दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दोघांनी मिळून जाड पुस्तक चाळलं. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

डॉक्टरांनी सांगितलं, मैदानाच्या कडेचं गवत.

कशासाठी?

डॉक्टर अप्पांकडे वळले. "अप्पा, हे तुम्हीच सांगा."

अप्पा साहेबाला मराठीतच म्हणाले, "तिथं कापून टाकून देत्यात, सायेब."

डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी केलं. साहेब अप्पांकडे बघत राहिला. त्यांच्या हातातल्या दोन काठ्यांकडे, सुजलेल्या गुडघ्याकडे. मग त्यानं खडू उचलला आणि गवसण्यावर फुली मारली. म्हणजे सोडा.

बाहेर शेडच्या भिंतीशी एक गाय उभी होती. बरगड्या मोजता येतील अशी. भिंतीवरच्या जाहिरातीचा कागद ओढून खात होती. अप्पा तिच्यापुढे जाऊन काठ्या बाजूला ठेवून खाली बसले आणि गवसणं उलटं करून झटकलं. कोपऱ्यात अडकलेल्या काड्याही बोटानं काढल्या.

गाईनं कागद सोडला. वास घेतला.

महिनोन् महिने मनात ठेवलेलं मी शेवटी विचारलं. "अप्पा, कसं होतं हो तिथलं गवत?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थांब की जरा," ते म्हणाले. "हिला चाखू दे."